कुत्र्याला शिकवताना अध्ययनाच्या उपपत्ती कशा वापरायच्या

पावलोव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचा उंदीर, कोह्लरचा चिंपांझी. मानसशास्त्राच्या आणि बी.एड.च्या पुस्तकांत अध्ययनाच्या उपपत्ती, म्हणजे शिकणं कसं घडतं ते सांगणारे सिद्धांत, अशा एकेका प्राण्याबरोबर एकेका पानावर येतात आणि परीक्षेपुरत्या पाठ होतात. त्यामुळे या उपपत्ती एकमेकींशी भांडताहेत आणि त्यातली एकच खरी असणार, असा समज राहून जातो. घरात कुत्रा आणला आणि त्याला काही शिकवायला बसलं, की चित्र वेगळं दिसतं. एकाच मिनिटात, एकाच कुत्र्यात, त्यातल्या दोन तरी एकदम चालू असतात. कोणती कुठे चालू आहे हे ज्याला ओळखता येतं, त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

म्हणून हा लेख उपपत्तींची ओळख कुत्र्यामार्फत करून देतो. पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला तो उपयोगी पडेल, आणि ज्याला परीक्षा द्यायची आहे त्यालाही. प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न विचारायचे आहेत. पहिला: इथे कोणती गोष्ट कशाची सूचना बनते आहे? हा पावलोव्हचा प्रश्न, म्हणजे अभिजात अभिसंधान. दुसरा: इथे कोणत्या कृतीला काय फळ मिळतं आहे? हा थॉर्नडाइक आणि स्किनरचा प्रश्न, म्हणजे साधक अभिसंधान. लाळ, धडधड, भीती, आनंद हे पहिल्या प्रश्नाच्या हद्दीत येतं. बसणं, येणं, भुंकणं, दार खरवडणं हे दुसऱ्याच्या.

तयारी

खाऊ असा हवा की जो कुत्र्याला रोज ताटात मिळत नाही: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं किंवा पनीर. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, कुत्रा मोठा असला तरी. मोठा तुकडा चावण्यात वेळ जातो आणि पाच मिनिटांत पोट भरतं. एका बैठकीला पंधरा-वीस तुकडे पुरतात. तेवढं अन्न जेवणातून वजा करा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत, ते कोणत्याही रूपात देऊ नका. बैठक जेवणाच्या आधी ठेवा. भरल्या पोटी खाऊला किंमत राहत नाही. पण उपाशी ठेवून शिकवू नका, भुकेला कुत्रा खाऊकडेच बघत राहतो.

मार्कर म्हणजे 'आत्ता केलंस ते बरोबर' हे त्याच क्षणी कळवणारा आवाज. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा क्लिकर चालतो. नसेल तर 'टक' असा छोटा, ठसठशीत शब्द ठरवा. 'शाब्बास' घेऊ नका. तो घरात दिवसभर कोणालाही म्हटला जातो, आणि त्याचा तोटा पुढे स्पष्ट होईल. ही युक्ती नवी नाही. स्किनरने 1951 मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखात, चाप दाबला की टिक् वाजणारं लहान मुलांचं खेळणं यासाठी सुचवलं होतं.

तिसरी वस्तू वही. चार रकाने आखा: वेळ, आधी काय घडलं, कुत्र्याने काय केलं, लगेच नंतर काय घडलं. तिसऱ्या रकान्यात डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा. 'हट्टीपणा केला' असं लिहिलंत तर त्यातून काहीच हाती लागणार नाही. 'तीनदा नाव घेतलं, मान वळवली, उठला नाही' असं लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी काय बदलायचं ते कळतं. बहुतेक जण वही टाळतात आणि मग पंधरा दिवसांनी 'याला काही येत नाही' म्हणतात.

बैठक तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. टीव्ही बंद, शिकवणारा माणूस एकच.

पायरी 1: आवाजाला अर्थ द्या

इव्हान पावलोव्ह हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्याला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. लाळ मोजण्यासाठी बांधलेल्या कुत्र्यांना अन्न तोंडात पडण्याआधीच लाळ सुटते हे त्याने पाहिलं आणि तेच पुढे मुख्य काम झालं. पुस्तकांत घंटा दाखवतात, पण प्रयोगशाळेत मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र), बझर, दिवा, त्वचेला केलेला स्पर्श असे बरेच संकेत वापरले जात. अन्न हे अनभिसंधित उद्दीपक, त्याने सुटणारी लाळ हा अनभिसंधित प्रतिसाद. हे शिकवावं लागत नाही. मेट्रोनोमचा आवाज आधी निरर्थक असतो. तो अन्नाच्या आधी पुन्हा पुन्हा येत गेला की अभिसंधित उद्दीपक होतो आणि नुसत्या आवाजालाही लाळ सुटते.

तुमचा 'टक' आज त्या मेट्रोनोमसारखाच निरर्थक आहे. त्याला अर्थ द्यायची कृती अशी:

1. कुत्रा जवळ असू द्या, काही करायला सांगू नका. हात शरीराजवळ स्थिर ठेवा, खाऊ दुसऱ्या हातात किंवा कमरेच्या पिशवीत.
2. 'टक' म्हणा.
3. आवाज संपल्यावर मगच हात हलवा आणि साधारण एका सेकंदात खाऊ तोंडाशी न्या.
4. पाच ते वीस सेकंद थांबा, प्रत्येक वेळी वेगळं अंतर ठेवून. मग पुन्हा.
5. अशा पंधरा-वीस जोड्या म्हणजे एक बैठक. दोन-तीन बैठका करा.

परीक्षा सोपी आहे. कुत्रा दुसरीकडे बघत असताना 'टक' म्हणा. मान झटकन तुमच्याकडे वळली तर आवाजाला अर्थ आला. वळली नाही तर आणखी एक बैठक.

इथे बिघडतं ते बहुधा तिसऱ्या टप्प्यावर. नवशिक्याचा हात आवाजाच्या आधीच पिशवीत जातो. मग कुत्र्याच्या लेखी हात हीच खाऊची सूचना, आणि 'टक' हा मागून येणारा फालतू आवाज. याला सिद्धांताचा आधार आहे. 1960 च्या दशकाच्या शेवटी लिओन कामिन याने उंदरांना आधी आवाजानंतर विजेचा झटका दिला. मग आवाज आणि प्रकाश एकत्र दाखवून झटका दिला. नंतर नुसता प्रकाश दाखवला तर उंदीर जवळजवळ घाबरलेच नाहीत. झटक्याची सूचना आवाजाने आधीच दिलेली होती, प्रकाशाने नवं काही सांगितलं नव्हतं. याला अवरोध म्हणतात. रॉबर्ट रेस्कोर्लाने त्याच सुमाराला दुसरी बाजू दाखवली: आवाजाबरोबर झटका येतो तितकाच आवाजाविनाही येत असेल, तर जोड्या कितीही झाल्या तरी आवाजाची भीती बसत नाही. 'शाब्बास' का नको, त्याचं उत्तर हेच. तो शब्द खाऊशिवाय इतक्या वेळा कानावर पडतो की त्यावरून खाऊचा अंदाज बांधता येत नाही. रेस्कोर्ला आणि वॅगनर यांनी 1972 मध्ये हे सगळं सूत्रात बसवलं. त्याचा गाभा असा की प्राणी शिकतो ते अपेक्षा आणि घटना यांत फरक पडतो तेव्हा. नुसतं दोन गोष्टींचं सान्निध्य पुरत नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी सूचना, मग घटना. उलट क्रमाने, म्हणजे खाऊ देऊन झाल्यावर आवाज केला, तर जवळजवळ काहीच शिकलं जात नाही.

पायरी 2: कृती आणि तिचं फळ

एडवर्ड थॉर्नडाइकने 1898 मध्ये भुकेली मांजरं पेटीत कोंडून बाहेर मासा ठेवला. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडे, चावे, फटीतून पंजा काढे. कधीतरी चुकून खटका दाबला जाई. पुढच्या खेपांना लागणारा वेळ कमी होत गेला, पण हळूहळू आणि मधे मधे वाढत. एकदम उजेड पडल्यासारखा तो कुठेच खाली आला नाही. यातून प्रयत्न-प्रमाद अध्ययन आणि परिणामाचा नियम आला: ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती त्या परिस्थितीत पुन्हा होण्याची शक्यता वाढते.

'बस' शिकवण्यासाठी हा नियम पुरेसा आहे. खाऊ धरलेला हात कुत्र्याच्या नाकासमोर आणा आणि डोक्यावरून सावकाश मागे न्या. नाक वर जातं, ढुंगण खाली टेकतं. टेकलं त्या क्षणी 'टक', मग खाऊ. तीन ते पाच वेळा झालं की हातात खाऊ न ठेवता तीच हालचाल करा आणि खाऊ दुसऱ्या हाताने द्या. ही पायरी लांबवली तर कुत्रा हातात खाऊ दिसल्याशिवाय बसत नाही, आणि ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते.

शब्द सर्वांत शेवटी. हाताच्या हालचालीवर दहापैकी आठदा बसायला लागला की आधी 'बस' म्हणा, अर्धा सेकंद थांबा, मग हालचाल करा. दोन्ही एकदम केलंत तर पुन्हा कामिनचा अवरोध आडवा येतो: ओळखीची हालचाल असताना नव्या शब्दाकडे लक्ष देण्याची गरजच काय? आणि 'बस, बस, अरे बस ना' असं म्हणत राहू नका. तिसऱ्या शब्दाला बसलं तरी चालतं, एवढंच त्यातून शिकवलं जातं.

वर्तनाला आकार देणं

जी कृती कुत्रा आपणहून करतच नाही तिला फळ कसं द्यायचं? स्किनरचं उत्तर होतं आकारण: हव्या त्या वर्तनाच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक लहान पावलाला प्रबलन, म्हणजे ती कृती वाढवणारं फळ, द्यायचं आणि अट हळूहळू वाढवायची. घरात याचा सर्वांत उपयुक्त नमुना म्हणजे 'जागेवर', म्हणजे स्वतःच्या सतरंजीवर जाऊन आडवं होणं. पायऱ्या अशा ठेवा: सतरंजीकडे बघणं, तिच्या दिशेने एक पाऊल, एक पाय सतरंजीवर, चारही पाय, बसणं, आडवं होणं, आडवं होऊन दोन सेकंद, मग पाच, मग दहा, शेवटी तुम्ही दोन पावलं लांब असताना.

दहा प्रयत्नांत आठ बरोबर आले तर पुढची पायरी. सहा-सात आले तर त्याच पायरीवर थांबा. पाच किंवा कमी आले तर एक पायरी मागे या. अट फार उंच झाली आहे. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. वेळ वाढवताना अंतर वाढवू नका, आणि अंतर वाढवताना पाहुणे बोलावू नका. माणसं घाई करतात ती इथेच. चारही पाय आले म्हणताच अर्ध्या मिनिटाची अपेक्षा धरतात, कुत्र्याला चार वेळा काही मिळत नाही आणि तो निघून जातो.

'टक'ची वेळ चुकली तर काय होतं ते स्किनरच्या 1948 च्या कबुतरांवरून दिसतं. त्याने त्यांना ते काहीही करत असले तरी ठरावीक अंतराने दाणे दिले. आठपैकी सहा कबुतरांना वेगवेगळ्या लकबी लागल्या: एक गोल फिरे, एक डोकं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात उंचावे. या निष्कर्षावर पुढे वाद झाले, पण शिकवणाऱ्याला मिळायचा तो इशारा मिळतो. कुत्रा बसून उठताना 'टक' आला, तर तुम्ही उठणं शिकवत आहात. कुत्र्यासमोर जाण्याआधी हात सुधारा: कोणाला तरी चेंडू टप्पे पाडायला सांगा आणि चेंडू जमिनीला लागेल त्या क्षणी 'टक' म्हणा. पाच मिनिटांत वेळ जुळते.

खाऊ कायम द्यावा लागतो का?

नाही, पण आधी नेम धरून द्यावा लागतो. नवी कृती शिकताना प्रत्येक वेळी प्रबलन द्या. कृती पक्की झाली की कधी द्या, कधी नाही, आणि कधी द्याल याचा अंदाज येऊ देऊ नका. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 मध्ये प्रबलनाच्या वेळापत्रकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली चार मूलभूत वेळापत्रकं ओळखता यायला हवीत. ठरावीक संख्येनंतर बक्षीस असेल तर बक्षीस मिळाल्यावर काम थोडं थांबतं. ठरावीक काळानंतर असेल तर मुदत जवळ येईपर्यंत काम मंद आणि शेवटी जोरात. वर्षातून एकदा परीक्षा असली की अभ्यासाचा आलेख साधारण असाच दिसतो. अनिश्चित काळानंतर असेल तर काम संथ पण सलग. अनिश्चित संख्येनंतर असेल तर काम वेगाने, सलग आणि चिवटपणे चालू राहतं. लॉटरीची खिडकी याच तत्त्वावर गर्दी खेचते.

चिवटपणा दोन्ही बाजूंनी चालतो. जेवताना ताटाशी येऊन केकाटणाऱ्या कुत्र्याला घरातले रोज देत नाहीत. आजोबा आठवड्यातून दोनदा पोळीचा तुकडा टाकतात. त्यांना वाटतं क्वचित दिलं तर काय होतं. प्रत्यक्षात त्यांनी त्या केकाटण्याला अनिश्चित संख्येचं, म्हणजे मोडायला सर्वांत अवघड, वेळापत्रक लावलेलं असतं.

शिवाय फळ म्हणजे खाऊच असं नाही. डेव्हिड प्रिमॅकने 1959 मध्ये मांडलं की प्राणी आपणहून जे जास्त करतो, ते त्याच्या कमी आवडत्या कृतीला बक्षीस म्हणून वापरता येतं. दार उघडून बाहेर जाणं हे कुत्र्याचं मोठं बक्षीस. दाराशी बसला की दार उघडा, उठला की हात कडीवरून मागे घ्या. आठवड्याभरात फिरायला जाताना होणारी ओढाताण कमी होते, आणि चिकनचा एक तुकडाही लागत नाही.

प्रबलन, शिक्षा आणि नेहमीचा घोटाळा

परीक्षेत आणि घरात सर्वांत जास्त चूक होते ती ऋण प्रबलनात. तो शिक्षेचा प्रकार नाही. 'प्रबलन' म्हटलं की वर्तन वाढतं, 'शिक्षा' म्हटली की कमी होतं. 'धन' म्हणजे काहीतरी दिलं, 'ऋण' म्हणजे काहीतरी काढून घेतलं. बसल्यावर खाऊ मिळाला, बसणं वाढलं: धन प्रबलन. गाडीत पट्टा लावला की टूंटूं थांबतं, पट्टा लावणं वाढलं: ऋण प्रबलन. उडी मारली म्हणून तुम्ही पाठ फिरवलीत, लक्ष काढून घेतलंत, उडी कमी झाली: ऋण शिक्षा. उडी मारली म्हणून फटका दिला आणि उडी कमी झाली: धन शिक्षा. नाव ठरतं ते वर्तनाचं पुढे काय झालं त्यावरून, देणाऱ्याच्या हेतूवरून नाही. ओरडूनही भुंकणं वाढत असेल, तर तुमचं ओरडणं हे त्या कुत्र्यासाठी प्रबलनच आहे.

फटका आणि नाक दाबणं हे प्रकार करू नयेत, आणि त्याची कारणं दयेपुरती नाहीत. शिक्षेने वर्तन थांबायचं तर ती त्याच सेकंदाला, प्रत्येक वेळी आणि पहिल्यापासून पुरेशी तीव्र असावी लागते. घरात यातलं एकही जमत नाही. संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या लघवीवर ओरडलंत तर कुत्र्याच्या लेखी त्या ओरडण्याची सूचना म्हणजे तुमचं दारातून आत येणं. इथे पावलोव्ह गुपचूप आपलं काम करतो: तुम्ही शिक्षा करत असता कृतीला, आणि भीती बसते तुमची. तो मान खाली घालतो, शेपूट आत घेतो, आणि घरचे म्हणतात, 'बघा, कळतंय याला.' तो तुमच्या आवाजाला आणि चेहऱ्याला दिलेला प्रतिसाद असतो. टाळता न येणारा त्रास वारंवार भोगावा लागला, तर पुढे सुटका शक्य असतानाही प्राणी हालचाल करत नाही, हे सेलिगमन आणि मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवरच दाखवलं. त्याला अर्जित असहाय्यता म्हणतात. मार खाऊन 'शांत' झालेल्या कुत्र्याकडे पाहताना हा प्रयोग आठवावा.

नको ती सवय घालवणं

ताटाशी केकाटणं घालवायचं तर त्याला मिळणारं फळ पूर्ण बंद करायचं. हे विलोपन. आधी घरातल्या सगळ्यांचा होकार घ्या, आजोबांचाही; एक माणूस जरी फुटला तरी सुरू करू नका.

पहिल्या दोन-चार दिवसांत केकाटणं वाढेल, आवाज चढेल, पंजाही मारला जाईल. याला विलोपन-उसळी म्हणतात आणि ती अपेक्षितच आहे. आजवर चालणारी युक्ती अचानक चालेनाशी झाली की प्राणी आधी तीच जास्त जोराने करून बघतो. इथे कंटाळून तुकडा टाकलात तर वाढलेला आवाजच पक्का होतो आणि तुम्ही सुरुवात केली त्याहून वाईट जागी पोचता. टिकलात तर केकाटणं ओसरतं. मग एखाद्या दिवशी ते आपोआप परत येतं. पावलोव्हनेही हे नोंदवलं होतं. विलोपनात जुनं शिकणं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकणं चढतं. म्हणूनच पुण्याच्या घरात सुटलेली सवय गावच्या घरी पहिल्याच दिवशी डोकं वर काढते. तिथेही चार दिवस तोच नियम पाळा.

नुसतं विलोपन कुत्र्यावर अन्याय करणारं आहे, कारण त्याने दुसरं काय करायचं ते त्यातून कळत नाही. सतरंजीवर 'जागेवर' राहणं आधीच शिकवून ठेवा, आणि जेवणाच्या वेळी त्यालाच भरपूर फळ द्या, तेही सतरंजीवर. ताटाशेजारी दिलेला तुकडा चालणार नाही.

फटाक्यांची भीती

जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी 1920 मध्ये अल्बर्ट नावाच्या अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी कांब हातोड्याने वाजवली. काही जोड्यांनंतर बाळ उंदराला घाबरू लागलं. ससा आणि फरचा कोट यांनाही, म्हणजे भीतीचं सामान्यीकरण झालं. ती भीती घालवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, आणि आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. घालवण्याची वाट दाखवली मेरी कव्हर जोन्सने, 1924 मध्ये. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचं खायला देताना तिने पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला आणि दिवसागणिक जवळ आणला. या कामाचं मोल अल्बर्टच्या प्रयोगाहून कितीतरी मोठं आहे आणि पुस्तकांत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत.

दिवाळीसाठी हीच वाट. सुरुवात श्रावणात करा. आदल्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही.

1. फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घ्या. स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आवाज इतका कमी की कुत्र्याचा कान हलेल, पण तो खाणं थांबवणार नाही.
2. एक फटाका वाजला की लगेच उत्तम खाऊ, एरवी कधीच न मिळणारा. आवाज आधी, खाऊ मागून. आवाज नसेल तर खाऊ नाही.
3. दिवसाला आठ-दहा जोड्या.
4. आवाज होताच कुत्रा आनंदाने तुमच्याकडे बघायला लागला, आणि हे सलग दोन-तीन दिवस दिसलं, की आवाज किंचित वाढवा.
5. ओठ चाटणं, जांभया, कान मागे, शेपूट आत, खाऊ नाकारणं यातलं काहीही दिसलं की आवाज दोन पायऱ्या खाली आणा.

क्रम उलटला तर इथे नुकसान होतं. आधी खाऊ दाखवून मग आवाज केलात तर खाऊ हीच भीतीची सूचना ठरते आणि कुत्रा चिकन बघून पळायला लागतो. दुसरी अडचण गणपतीची: विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशे आणि फटाके पूर्ण आवाजात येतात. त्या दिवशी सराव नको. आतली खोली, बंद खिडक्या, जाड पडदे, पंख्याचा किंवा टीव्हीचा सलग आवाज, आणि फिरणं उजेडात उरकलेलं. नंतर दोन पायऱ्या खालून पुन्हा सुरू करा.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, असं बरेच जण सांगतात. यात पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाची गल्लत आहे. भीती ही फळासाठी केलेली कृती नाही. कुत्रा तुमच्याजवळ येत असेल तर त्याला खुशाल येऊ द्या. भीती इतकी असेल की तो काचेवर आदळतो किंवा दिवसभर खात नाही, तर पशुवैद्यांना दिवाळीच्या बऱ्याच आधी भेटा. औषधाच्या जोडीने हा सराव जास्त लागू पडतो.

जिथे हे नियम अपुरे पडतात

कोणताही प्राणी काहीही शिकू शकतो, ही समजूत स्किनरच्या विद्यार्थ्यांनीच मोडली. केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे व्यवसायाने प्राणी शिकवत. 1961 मध्ये त्यांनी लिहिलं की नाणी गल्ल्यात टाकायला शिकवलेलं रॅकून (अमेरिकेतला एक लहान रानटी प्राणी) दोन नाणी हातात आली की टाकेना, एकमेकांवर घासत बसे, जसं ते खाद्य धुताना करतं. डुकरं नाणी नाकाने उकरत. जातीचा स्वभाव शिकवण्याच्या आड येतो. वास घेत चालणं किंवा खड्डे खणणं पूर्ण बंद करण्याच्या मागे लागू नका. त्यासाठी जागा ठरवून द्या.

गार्सिया आणि कोलिंग यांचा 1966 चा प्रयोगही असाच. उंदरांना चवीचं पाणी पिताना प्रकाश आणि आवाजही दिला. ज्यांना नंतर आजारी पाडलं त्यांनी चव टाळली. ज्यांना झटका दिला त्यांनी प्रकाश आणि आवाज टाळला. पोटाचं दुखणं चवीशी जुळतं, मधे बराच वेळ गेला तरी. म्हणून ज्या औषधाने मळमळतं ते कुत्र्याच्या सर्वांत लाडक्या खाण्यात मिसळू नका, नाहीतर सरावाचा खाऊ हातचा जाईल.

टोलमन आणि होन्झिक यांनी 1930 मध्ये काही उंदरांना दहा दिवस भूलभुलैयात बक्षिसाविना फिरू दिलं. अकराव्या दिवशी अन्न ठेवताच ते पहिल्यापासून बक्षीस मिळणाऱ्यांच्या बरोबरीला आले. रस्ता त्यांना कळलेला होता, वापरायचं कारण नव्हतं. नव्या जागी सराव करण्याआधी कुत्र्याला पाच-दहा मिनिटं हुंगत फिरू द्या. कोह्लरचे टेनेरिफे बेटावरचे, युक्ती एकदम सुचून शिकणारे चिंपांझी, त्यातही दोन बांबू एकमेकांत खुपसून केळ ओढणारा सुलतान, आणि बांदुराचा 1961 चा बाहुलीचा प्रयोग, ज्यात मोठ्यांना बाहुली बडवताना पाहिलेल्या मुलांनी तेच केलं, हे दोन्ही आपल्या कामात थोडेच येतात. मात्र बांदुराचा प्रयोग घरातल्या मुलांसाठी लागू आहे: कुत्र्याशी मोठे जसं वागतात तसंच मुलं वागतात.

माणसांवर खाऊचं तंत्र जसंच्या तसं उचलू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्ये पाहिलं की ज्या लहान मुलांना चित्र काढायला मुळातच आवडत होतं, त्यांना आधी बक्षीस कबूल केल्यावर पुढे मोकळ्या वेळात ती कमी चित्रं काढू लागली. अवचित मिळालेल्या बक्षिसाने तसं झालं नाही. मुलाला जे आपणहून आवडतं त्याला भाव लावू नका. जे सुरूच होत नाही, तिथे प्रिमॅक वापरा.

अडलं तर या क्रमाने तपासा

वहीतली शेवटची दोन पानं उघडा. मार्कर कृतीच्या क्षणी येतो आहे का? त्याच्या आधी हात हलतो आहे का? दहापैकी बरोबर किती? पाचाच्या खाली असतील तर पायरी मागे घ्या. घरात जमतं आणि सोसायटीच्या गेटवर जमत नाही, तर ते विसरणं नाही. शिकलेलं अजून त्या जागेपर्यंत पसरलेलं नाही. तिथे पहिल्या पायरीपासून सुरू करा, प्रगती घरापेक्षा लवकर होईल. खाऊ नाकारतो आहे? एकतर पोट भरलं आहे किंवा तो घाबरला आहे; घाबरला असेल तर अंतर वाढवा. घरातलं दुसरं कोणी त्याच शब्दाला वेगळं फळ देतं आहे का, तेही विचारा. आणि नीट शिकलेला कुत्रा अचानक बसायला नकार देऊ लागला, किंवा घरात लघवी करू लागला, तर शिकवणं थांबवून आधी पशुवैद्यांकडे न्या: कंबरेचं दुखणं आणि मूत्रमार्गाचा संसर्ग वहीत अवज्ञेसारखेच दिसतात.